जांभा गाळाचा खडक आहे का? आणि कोकणात गाळाचे खडक पाहायचे कुठे?

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: पुस्तकात अग्निज, स्तरित आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार दिलेत. आमच्याकडे जांभा आणि काळा दगड सोडला तर दुसरे काही दिसत नाही. चिरेखाणीत थर दिसतात म्हणून मुले जांभ्याला स्तरित म्हणतात. ते बरोबर आहे का? स्तरित खडक नेमके बनतात कसे, त्यांचे प्रकार कोणते, आणि मुलांना प्रत्यक्ष काय दाखवता येईल?

आधी सरळ उत्तर: जांभा गाळाचा, म्हणजे पुस्तकाच्या भाषेत ‘स्तरित’, खडक नव्हे. मुलांची चूक समजण्यासारखी आहे, कारण ती नावातूनच येते. ‘स्तरित’ म्हटले की डोळे थर शोधू लागतात, आणि थर तर सह्याद्रीच्या प्रत्येक कड्यावर दिसतात. म्हणून वर्गात ‘गाळाचा खडक’ हाच शब्द वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे. खडक गाळाचा आहे का हे ठरवायला तीन गोष्टी विचारायच्या. यातला माल आला कुठून? इथे आणून टाकला कोणी? आणि तो एकमेकांना चिकटला कशाने?

जांभ्याला हे तीन प्रश्न विचारून पाहा. त्यातले लोह आणि ॲल्युमिनियम आले खालच्याच काळ्या दगडातून, म्हणजे बसाल्टमधून. आणून टाकले कोणी? कोणीच नाही, ते जागच्या जागी राहिले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, मध्ये कडक ऊन, असे लाखो वर्षे चालले की बसाल्टमधले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका पाण्याबरोबर झिरपून निघून जाते. सहजासहजी विरघळत नाहीत ती लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. म्हणजे जांभा हा उरलेला खडक. वाहून आलेला नव्हे.

चिरेखाणीचा उभा काप वरून खाली पाहा. वर टणक कातळ, त्याखाली चिरा निघतो तो भोकाभोकांचा जांभा, त्याखाली पांढरट-जांभळट चिकण शेडी, आणि तळाला कुजत चाललेला काळा दगड. या पट्ट्यांच्या सीमा धूसर असतात, एकातून दुसरा हळूहळू होत जातो. गाळाच्या थरांत बहुधा रेघ ओढावी तशी सीमा दिसते, कारण तिथे एक भर टाकून थांबते आणि पुढे कधीतरी दुसरी भर पडते. शेडीमध्ये काही वेळा मूळ बसाल्टची कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गोल रचना जशीच्या तशी ओळखू येते. दगड आतून पार बदलला पण तसूभरही हलला नाही, हे त्या पापुद्र्यांवरून मुलांना एका नजरेत पटते.

या खडकाला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडिपुरमचा दगड पाहून दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. ताजा जांभा ओलसर आणि मऊ असतो, तो कापता येतो, आणि उघड्यावर वाळला की त्यातले लोह घट्ट होत जाऊन चिरा कडक बनतो. म्हणूनच आपल्याकडे चिरे कापून सुकू देतात आणि मग भिंतीला लावतात.

एक अपवाद मात्र मुलांपासून लपवू नका. सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळाच्या, कडेवरून निसटलेले जांभ्याचे तुकडे उताराच्या पायथ्याशी साचतात आणि लोहाच्याच लुकणाने पुन्हा जुळतात. तिथे तीनही प्रश्नांची उत्तरे मिळतात, म्हणून तो जांभा खरोखर गाळाचा म्हणता येतो. ओळख अशी की तुकड्यांच्या भोकांच्या दिशा एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मध्येच काळ्या दगडाचे गुळगुळीत गोटे अडकलेले दिसतात.

आता सह्याद्रीचे थर. ते लाव्हाचे आहेत. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक लाव्हा पसरत गेला, प्रत्येक वाहणीचा एक थर झाला आणि घाटात आपण पाहतो त्या पायऱ्या तयार झाल्या. हातात घेतलेल्या तुकड्यात गाळाचे कण दिसत नाहीत. बारीक स्फटिकांची घट्ट वीण दिसते आणि वायूच्या बुडबुड्यांनी झालेल्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. दोन वाहण्यांमध्ये कुठे कुठे विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो. बहुतेक ठिकाणी ती पहिल्या लाव्हाची कुजलेली पाठ किंवा राख असते.

पण दोन वाहण्यांच्या मधला काळ काही ठिकाणी इतका लांबला की तिथे तळी साचली आणि तळ्यांत चिखल बसला. मुंबईत वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये असा चिखलाचा खडक सापडला आणि त्यात बेडकांचे सांगाडे निघाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्या बेडकाचे वर्णन केले. आज त्याला इंडोबॅट्रेकस म्हणतात. आग ओकणाऱ्या प्रदेशातही पाणी साचले, गाळ बसला, बेडूक जगले. कोकणातला हा गाळाचा खडक मुलांना गोष्टीसारखा सांगता येतो आणि गोष्ट शब्दशः खरी आहे.

गाळाचा खडक बनण्याची सुरुवात दुसरा खडक मोडण्यापासून होते. ऊन, पाऊस, झाडांची मुळे, खारे वारे हे सगळे दगड फोडतात, आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्यातली खनिजे कुजवतो. कोणता दगड फुटला यावर गाळाचे रूप ठरते, आणि हे कोकणाइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते. बसाल्टमध्ये क्वार्ट्झ (गारगोटीचे खनिज) जवळजवळ नसतो. त्यातली फेल्स्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे कुजून चिकणमाती होते, आणि न कुजता टिकतात ते मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट या लोहाच्या खनिजांचे काळे, जड दाणे. म्हणून रायगड-रत्नागिरीच्या बऱ्याच खाड्यांत करडा चिखल आणि पुळणीवर काळपट वाळू. रत्नागिरीची मांडवी, मिऱ्या, काळबादेवी, पूर्णगड ही किनारपट्टी इल्मेनाइटच्या काळ्या वाळूसाठी ओळखली जाते. खाली सिंधुदुर्गात गेलात की नद्यांच्या वाटेत ग्रॅनाइटी नाइस आणि जुने क्वार्टझाइट हे क्वार्ट्झ असलेले खडक येतात. क्वार्ट्झ कुजत नाही, फक्त झिजतो. म्हणून तारकर्ली-भोगव्याची वाळू पांढरट, आणि तिच्यात शिंपल्यांचा चुरा मिसळलेला. दोन्हीकडची मूठमूठ वाळू पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवली की अर्धा धडा तिथेच होतो.

मोडलेला माल वाहून नेणारे आपल्याकडे मुख्यतः पाणी. पाण्याचा नियम सोपा: वेग कमी झाला की आधी जड दाणा खाली बसतो. आकाराची मापे ठरलेली आहेत. २ मिलिमीटरपेक्षा मोठे ते रेव-गोटे, २ ते ०.०६ मिमी वाळू, ०.०६ ते ०.००४ मिमी पोयटा, त्याहून बारीक ती चिकणमाती. स्थिर पाण्यात पाव मिलिमीटरचा वाळूचा दाणा सेकंदाला सुमारे ३ सेंटिमीटर खाली जातो. वाळूतला सर्वांत बारीक दाणा सेकंदाला साडेतीन मिलिमीटर. आणि चिकणमातीचा ०.००२ मिमीचा कण १० सेंटिमीटर खाली जायला जवळपास आठ तास घेतो. वासिष्ठी किंवा शास्त्री घाटातून उतरते तेव्हा पायथ्याला मोठे धोंडे टाकते, पुढे रेव, मग वाळू. चिकणमाती मात्र समुद्रापर्यंत तरंगत जायला हवी.

पण ती खाडीतच बसते. कारण मीठ. चिकणमातीच्या कणांवर एकसारखा विद्युतभार असतो, म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यातले क्षार हा भार झाकून टाकतात, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि भराभर खाली बसतात. भरती-ओहोटीच्या मधल्या संथ पाण्यात हे सर्वाधिक होते, आणि कांदळवनाची मुळे पाण्याचा वेग आणखी मारतात. पंकाश्म आणि शेल हे खडक अशाच चिखलाचे. दाभोळच्या खाडीत गुडघाभर रुतणारा चिखल हा पुढे कधीतरी होऊ शकणाऱ्या शेलचा कच्चा माल आहे.

हे वर्गात दाखवायला दोन सरळ बाजूंच्या एक-एक लिटरच्या पारदर्शक बाटल्या घ्या. शेतातली माती उन्हात पूर्ण वाळवा, ढेकळे फोडून पूड करा आणि दोन्हींत सारखी, तीन-तीन चमचे टाका. एकीत विहिरीचे पाणी, दुसरीत समुद्राचे. झाकण लावून दोन-तीन मिनिटे जोरात हलवा आणि एकाच वेळी ठेवून द्या. वाळू दोन्हींत मिनिटभरात बसेल. समुद्राच्या पाण्याची बाटली बरीच लवकर निवळू लागते, विहिरीच्या पाण्याची दुसऱ्या दिवशीही गढूळ असू शकते. फसते कुठे? ढेकळे नीट फोडली नाहीत तर चिकणमाती वाळूबरोबर धपकन खाली बसते. पहिल्या तासात कोणी बाटली उचलून पाहिली तर थर विस्कटतात. आणि विहीर खाडीलगतची, मचूळ पाण्याची असेल तर दोन्ही बाटल्यांत फरकच दिसत नाही, म्हणून डोंगराकडच्या विहिरीचे पाणी आणा.

मातीत वाळू, पोयटा, चिकणमाती किती हे मोजायचे असेल तर तिसरी बाटली वेगळी करा. एक तृतीयांश माती, गळ्यापर्यंत गोडे पाणी आणि धुण्याच्या पावडरीची चिमूट, म्हणजे कण सुटे राहतात. हलवून ठेवल्यावर एका मिनिटाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाटलीवर पेनाने खूण करा. पहिल्या खुणेपर्यंत वाळू, दुसरीपर्यंत पोयटा, वर चिकणमाती. खाली जाड, वर बारीक अशी ही रचना जुन्या खडकांतही दिसते. तीवरून थर उलटा झाला आहे का हेही सांगता येते.

गाळ बसताना थर कसा पडतो हे पाहायला मिऱ्या किंवा मांडवीच्या पुळणीसारखी जागा नाही. ओहोटीला, भरतीच्या रेषेच्या खाली, दोन फूट लांब आणि फूटभर खोल चर खणा. एक बाजू थापीने किंवा सपाट पत्र्याने उभी, गुळगुळीत कापा आणि दहा मिनिटे वाळू द्या. ओली वाळू सगळी एकाच रंगाची दिसते, घाई केली तर काहीच दिसणार नाही. वाळू सुकत आली की काळ्या आणि फिकट रेघा एकाआड एक उमटतात. काही सुतळीएवढ्या जाड, काही केसाएवढ्या. इल्मेनाइटची घनता ४.७, क्वार्ट्झची २.६५. मोठ्या लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड दाणे मागे ठेवतात, म्हणून प्रत्येक जाड काळी रेघ म्हणजे एक खवळलेला दिवस. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक काळ्या रेघेवरून फिरवा. मॅग्नेटाइट लगेच चिकटते, इल्मेनाइट फार थोडे. पिशवी उलटी केली की दाणे सहज सुटतात. नुसते चुंबक फिरवले तर ते साफ करता करता तास संपतो. चर नीट बुजवा. आणि नोव्हेंबर ते एप्रिल कासवांच्या विणीचा काळ असतो, तेव्हा भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूला हातही लावायचा नाही.

साचलेला गाळ म्हणजे अजून खडक नाही. त्यावर पुढची भर पडत जाते, वजन वाढते, कण जवळ येतात, मधले पाणी पिळून निघते. ताज्या चिखलात निम्म्याहून जास्त, अनेकदा ७०-८० टक्के जागा पाण्याचीच असते, म्हणून त्याची जाडी दबून फार कमी होते. वाळूत सुरुवातीलाच साधारण ४० टक्के पोकळी असते आणि दाणे कडक, ते फारसे दबत नाहीत. तिथे काम करते लुकण. भूजलातून आलेली सिलिका, कॅल्साइट (चुन्याचे खनिज) किंवा लोहाचे ऑक्साइड दाण्यांच्या फटीत जमते आणि त्यांना जोडते. हे लुकण काय आहे यावर दगडाचे आयुष्य ठरते. सिलिकेचे असेल तर दगड पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, कॅल्साइटचे असेल तर आम्लाने झिजतो, चिकणमातीचे असेल तर पावसात भुगा होतो.

या सगळ्याला नेहमीच कोट्यवधी वर्षे लागतात असे नाही. कोकणात त्याचा पुरावा आहे: करल. रायगडच्या किनाऱ्यावर आक्षीसारख्या ठिकाणी ओहोटीला पुळणीच्या पातळीतच फरशांसारखे पसरलेले खडबडीत दगड उघडे पडतात. जवळून पाहिले तर त्यात शिंपल्यांचे तुकडे, वाळू, काळ्या दगडाचे छोटे गोटे, सगळे एकमेकांना घट्ट चिकटलेले. ऊन आणि भरती-ओहोटीच्या खेळात समुद्राचे पाणी आटते, त्यात भूजल मिसळते, आणि कॅल्शियम कार्बोनेट दाण्यांभोवती साचून त्यांना जखडते. भूवैज्ञानिक याला पुळण-खडक म्हणतात. तो काही हजार वर्षांचाच आहे. जगात काही किनाऱ्यांवर तर अशा दगडांत बाटल्यांच्या काचाही अडकलेल्या सापडल्या आहेत. करलाच्या फरशा पुळणीच्या उताराप्रमाणेच समुद्राकडे किंचित कललेल्या असतात. जुन्या धक्क्याचे मोडलेले काँक्रीटही लाटांनी घासून असेच दिसू लागते, त्याने भले भले फसतात. काँक्रीटमधली खडी फोडलेली, कोनेदार असते आणि सिमेंटचा रंग एकसारखा करडा. करलातले गोटे गुळगुळीत आणि शिंपले भरपूर.

आता प्रकार. पुस्तकात तीन गट असतात, तेच ठेवूया, फक्त उदाहरणे जवळची घेऊ.

पहिला गट तुकड्यांच्या खडकांचा. गुळगुळीत गोटे जुळले तर पिंडाश्म, कोनेदार तुकडे जुळले तर कोनाश्म, वाळू जुळली तर वालुकाश्म, चिखल जुळला तर पंकाश्म, आणि तो पातळ पापुद्र्यांत सुटत असेल तर शेल. गोटा गुळगुळीत असणे म्हणजे तो दूरवर लोळत आला किंवा लाटांत बराच काळ घासला गेला. कोनेदार तुकडा जवळच्याच कड्यावरून पडलेला असतो.

कोकणात या गटाचे अस्सल जुने खडक पाहायचे तर कणकवली तालुक्यात जा. फोंडा-कासार्डे परिसरात कलादगी मालेचे वालुकाश्म आणि क्वार्टझाइट आहेत, साधारण शंभर कोटी वर्षांच्या घरातले, म्हणजे सह्याद्रीच्या लाव्हाहून कितीतरी जुने. कासार्ड्याची सिलिका वाळू काच आणि ओतकामासाठी जाते ती याच खडकांची. नाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून आलेले. बदामीची प्रसिद्ध लेणी याच मालेतल्या वालुकाश्मात कोरली आहेत, तर घारापुरीची बसाल्टमध्ये. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवा. बदामीच्या भिंतीवर तांबूस-पिवळ्या तिरक्या रेघा दिसतात, त्या वाहत्या पाण्याने वाळू ढकलत नेल्याच्या खुणा. घारापुरीच्या भिंतीवर तसे काही नाही.

वालुकाश्म आणि क्वार्टझाइट यांत गोंधळ होतो. ताज्या फुटीवर भिंगाने पाहा. वालुकाश्म दाण्यांच्या कडेने फुटतो, पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि घासला तर दाणे सुटतात. क्वार्टझाइटमध्ये दाणे इतके एकजीव झालेले असतात की फूट दाण्यांच्या आरपार जाते आणि पृष्ठभाग तेलकट चमकतो.

दुसरा गट पाण्यातून साका बसून झालेल्या खडकांचा, आणि त्याची प्रयोगशाळा म्हणजे मिठागर. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातले २७ ग्रॅमच्या आसपास खायचे मीठ. पाणी आटत निम्मे झाले की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडू लागते. साधारण पाचवा हिस्सा उरला की जिप्सम, आणि दहावा हिस्सा उरला की मीठ. मिठागरात पाण्याचा खारेपणा बॉमे अंशांत मोजतात. समुद्राचे पाणी साडेतीन अंशांच्या आसपास, मीठ पडायला लागते २५ ला, आणि २९-३० च्या पुढे गेले की उरलेले पाणी काढून टाकावेच लागते. नाही काढले तर मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात, मीठ कडू लागते आणि पावसाळ्यात डब्यात पाणी सुटते. एका कुंडीतून पुढच्या कुंडीत पाणी सोडत नेण्यामागे हाच हिशेब आहे: जिप्सम आधीच्या कुंडीत बसावे आणि शेवटच्या कुंडीत स्वच्छ मीठ यावे. निसर्गात बंदिस्त समुद्र आटतो तेव्हा हाच क्रम खडकांच्या थरांत उतरतो, खाली चुनखडक, मग जिप्सम, वर सैंधव. शाळेत करायचे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये काचेच्या पसरट भांड्यात लिटरभर पाणी उन्हात ठेवा. लोखंडी भांडे नको, गंज मिसळतो. वर पातळ कापड ताणून बांधा. शेवटचे दोन-तीन चमचे पाणी उरले की ते वेगळ्या बशीत ओता. ते पूर्ण आटवायला गेलात तर हवेतली ओल ओढून पुन्हा पुन्हा पाझरते, आणि तेच दाखवायचे आहे.

तिसरा गट जिवांपासून झालेल्या खडकांचा. शिंपले, कालवे, प्रवाळ हे समुद्राच्या पाण्यातला चुना अंगावर बांधतात. मेल्यावर त्यांचा चुरा साठून चुनखडक होतो. कोकणाच्या जमिनीवर चुनखडक नसल्यासारखाच, म्हणून पूर्वी शिंपले भाजून चुना पाडत. पण समुद्राखाली परिस्थिती निराळी आहे. सह्याद्रीच्या उतरणीवरून वाहून गेलेला गाळ आणि समुद्रातला चुना कोट्यवधी वर्षे पश्चिमेला साचत राहिला. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाने तेल शोधले ते बॉम्बे हाय, आणि तिथले तेल मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. म्हणजे ‘कोकणात गाळाचे खडक नाहीत’ हे वाक्य किनाऱ्यापाशी संपते.

झाडांचा गाळही याच गटात येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर खोल विहिरी खणताना जांभ्याखाली काही ठिकाणी निळसर-काळी चिकणमाती लागते आणि तिच्यात लाकडाची रेषा अजून ओळखू येणारा तपकिरी कोळसा. हे लिग्नाइट. किनाऱ्यालगतच्या दलदलीत झाडोरा गाडला गेला, हवा मिळाली नाही म्हणून तो पूर्ण कुजला नाही. चंद्रपूर-वणीचा दगडी कोळसा याहून कितीतरी जुना, जास्त दबलेला आणि जास्त तापलेला. गावात कोणी जुन्या विहिरीतून ‘काळे लाकूड’ निघाल्याचे सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नका, नमुना पाहा. लिग्नाइट वाळले की तडकून तुकडे होते, म्हणून ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत ठेवा.

आता ओळख पटवण्याची पद्धत, कारण चुका इथे होतात.

नेहमी ताजी फूट पाहायची. वरचा पृष्ठभाग कुजलेला, शेवाळलेला असतो, त्यावरून केलेली ओळख बहुधा चुकते. मग नख, तांब्याचे जुने नाणे आणि खिळा या क्रमाने ओरखडा काढा. नखाने उठला तर जिप्सम किंवा चिकणमाती, नाण्याने जेमतेम आणि खिळ्याने सहज उठला तर कॅल्साइट, खिळ्यानेही उठला नाही तर क्वार्ट्झ. पावडर पडली ती दगडाची की खिळ्याची, हे बोटाने पुसून खात्री करा. कठीण दगडावर खिळाच झिजतो आणि करडी रेघ ओरखड्यासारखी दिसते.

चुना आहे का हे पाहायला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पुरतो. शिंपल्याची पूड घ्या, दोन थेंब टाका, कानाजवळ धरा, बारीक फसफस ऐकू येते. संडास साफ करायच्या द्रवात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि त्याने दगड झटकन फसफसतो, पण ते शिक्षकांनीच, हातमोजे आणि चष्मा घालून, थेंबाथेंबाने वापरावे. ब्लीचिंग पावडरच्या जवळपासही नेऊ नये. फसगत अशी: काळ्या दगडाच्या पोकळीतला पांढरा खडा फसफसला की मुले सगळ्या दगडाला चुनखडक म्हणतात. तो खडा कॅल्साइटचा, नंतर पाण्याने पोकळीत भरलेला. थेंब खड्यावर नको, खडकाच्या अंगावर टाका. तसेच जुन्या भिंतीतून पडलेल्या चिऱ्याला चुन्याचा गिलावा चिकटलेला असतो, तो फसफसतो, जांभा नाही. डोलोमाइट हा चुनखडकासारखाच दिसणारा खडक तुकडा म्हणून शांत राहतो, पूड केली तरच फसफसतो.

मुलांना फिरायला न्यायचे तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचा दिवस धरा. उधाणाच्या ओहोटीला पाणी जास्त मागे जाते आणि आपल्या किनाऱ्यावर ती साधारण सकाळी सहाच्या सुमारास असते, म्हणजे पहाटेच निघायला हवे. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी मागे जाते तेव्हा, करल बरेचदा पाण्याखालीच राहतो. भरती वळली की खडकावरून आधी उतरायचे, नमुने नंतर. ओल्या वाळूवरच्या लाटांच्या सुरकुत्या, खारजमिनीत वाळलेल्या चिखलाच्या भेगा आणि त्यांच्या वर वळलेल्या कडा, यांचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा. याच खुणा जुन्या वालुकाश्मांत आणि शेलमध्ये दगड होऊन राहिलेल्या सापडतात. सड्यावर हातोडा चालवू नका. उक्षी, कशेळी, बारसू अशा ठिकाणची कातळशिल्पे याच जांभ्यावर आहेत आणि आजूबाजूच्या मातीखाली आणखी असू शकतात. किल्ल्यांच्या भिंतींना तर अजिबात हात लावायचा नाही.

कासार्ड्यापर्यंत जाणे जमले नाही तर गाळाचे खडक घरातच आहेत. पडवीतली शहाबादी फरशी हा कर्नाटकातला चुनखडक, सपाट थरांत सुटतो म्हणूनच तो फरशीला चालतो. स्वयंपाकघराचा काळा कडप्पा बहुतेक वेळा आंध्रातला काळा चुनखडक. कोटाही तसाच, राजस्थानातला. मुलांना सांगा, ओट्यावर कोकम, चिंच किंवा लिंबू सांडून राहिले होते तिथे पांढरट, खडबडीत डाग शोधा. आम्लाने चुना खाल्लेला असतो, म्हणून तो डाग घासून जात नाही, पॉलिश करूनच जातो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर तसा डाग पडत नाही. घरोघरची नोंद वहीत आणा: दगड कोणता, डाग कशाचा, किती जुना. आणि आणलेल्या प्रत्येक नमुन्यावर त्याच दिवशी चिठ्ठी लावा, गाव, जागा, तारीख, आणि तो जागेवर चिकटलेला होता की सुटा पडलेला. सुटा दगड कोणीही कुठूनही आणून टाकलेला असू शकतो, आणि कोकणातल्या रस्त्याकडेला तर घाटावरच्या खडीचे ढीगच असतात.